दुसऱ्याच्या पानावर डोळा

दादा, टाळ जरा थांबवा. मृदंगही. कीर्तन पुढं नेण्याआधी मला एक विचारायचंय, आणि ते शेवटच्या सतरंजीपर्यंत ऐकू जायला हवं.

मंडळी, दुसऱ्याच्या पानात डोकावायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

बघा! मागच्या काकू तर पदर सावरायला लागल्या. असू दे काकू, ऐका.

येवल्याकडं एक गाव. तिथं रंजनाकाकू राहायच्या. त्यांची लेक प्रांजल, नववीत; मी दहावीत, म्हणजे माझ्याहून एकच वर्ष लहान. खो-खोत अशी हुलकावणी द्यायची की पाठलाग करणारीच्या हातात नुसती हवा यायची. जिल्ह्याच्या संघाची निवड चार महिन्यांवर आलेली, आणि पोरीच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

इकडं काकूंची साखर वाढली. डॉक्टरबाई म्हणाल्या, वजन उतरवा. आणि मोबाईलवर एक ॲप घ्यायला लावलं. काय खायचं, किती खायचं, का खायचं, सगळं शिकवणारं. आजोबा, लगेच नाक मुरडू नका, ॲप चांगलं होतं! अर्धं ताट भाजीचं, डाळ रोज, चहातली साखर हळूहळू कमी. काकूंना टाइप करता येईना, म्हणून त्यांचं वय, उंची, वजन प्रांजलनंच भरलं. ॲपनं हिशेब करून दिवसाचा आकडा दिला — एवढ्या कॅलरी, यापुढं नको. ताट वाढलं की मायलेकी फोन घेऊन बसायच्या.

"आई, भाकरी अर्धी की अख्खी?"

"अर्धी लिही."

"लिहू अर्धी, आणि खाशील किती?"

असं हसतखेळत चाललेलं. काकूंची साखर उतरायलाही लागली.

मग मामाच्या घरी बारसं निघालं. पंगत बसली. कुसुममामी पुरणपोळ्या घेऊन आल्या.

"घे गं प्राजू."

"नको मामी, पोट भरलं."

"मामीच्या हातची नको म्हणतेस?" टाकली पानात. वर तूप. आणि वाढता वाढता, अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणतात, "वन्सं, औषध तुम्हाला चालू आणि सुटलीय मात्र ही. हिला पसंत कोण करणार?"

पंगत हसली. रंजनाकाकूही कसनुशा हसल्या. प्रांजलनं मान खाली घालून ती पोळी संपवली, कारण पानात टाकायचं नाही असं आपणच शिकवलंय.

आता मला सांगा, हा कुठला धर्म? हातानं आग्रह करायचा आणि त्याच दमात तोंडानं घास काढून घ्यायचा?

घरात फोन एक, ॲप एक. प्रांजलनं आईचाच आकडा धरला. अहो, तो काढला होता औषधं चालू असलेल्या चाळिशीच्या बाईसाठी! आणि पाळतंय कोण? वाढत्या अंगाची, रोज मैदानावर पळणारी पोर. कुणाचं ताट भरलं जातंय, हे ॲपला दिसत नाही. त्याला डोळे नाहीत. पण आपल्याला आहेत ना? ती डबा मैत्रिणींना वाटायची आणि आईला सांगायची, सरावाला खाल्लं. गल्लीतल्या बायका काय म्हणाल्या असतील? "आता कशी छान दिसतेस!" जिना चढताना पोर भिंतीला धरतेय, आणि तुम्ही शाबासकी देताय?

निवडीच्या दिवशी शिट्टी वाजली, प्रांजल उठली, दोन खुंटांच्या मध्येच कोसळली.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, "बाळा, इतकं कमी खायला तुला कुणी सांगितलं?"

तिनं आईचा फोन पुढं केला.

काकूंनी बघितलं. "प्राजू, अगं हा आकडा माझा आहे."

"माहितेय," प्रांजल म्हणाली. "पण मामी म्हणाली ना, तुझ्यापेक्षा मीच सुटलेय."

तेवढ्यात मामी हजर. हातात पेढ्यांचा पुडा, आणि आल्या आल्या काय म्हणाल्या? "अगं बाई, काय ही हाडं! आता हिला पसंत कोण करणार?"

हसा. पण थोडंच हसा, मंडळी.

उभ्या जन्मात वहिनीला उलट न बोललेल्या रंजनाकाकू उठल्या. "वहिनी, पेढे ठेवा. तिला वाटलं तर ती खाईल. पण माझ्या लेकीच्या अंगावरून यापुढं एक शब्द बोलायचा नाही."

"मी मस्करीत म्हटलं हो."

"मस्करी तुमची झाली. सलाईन तिला लागलंय. आणि त्या दिवशी पंगतीत मीही हसले, ते मला झोपू देणार नाही."

डॉक्टरबाईंनी प्रांजलला तिच्या वयाचं, तिच्या खेळाचं जेवण समजावलं. आईनं भरवलेला वरणभात पोरीनं खाल्ला. सावकाश, रडत रडत, पण खाल्ला. ती बरी झाली. संघ मात्र तिच्याविना गेला. ते वर्ष तिला कोण परत देणार? मामी देणार? हसलेली पंगत देणार?

नावं मामीलाच ठेवू नका. या मंडपात कितीजणी मामी आहेत आणि कितीजण त्या पंगतीत बसलेत, ते ज्याचं त्यानं ओळखावं.

आता आरती होईल, मग आपली पंगत बसेल. वाढणाऱ्यांनी एवढंच विचारायचं, "वाढू का?" हो म्हणेल त्याला पोटभर वाढा, त्याच्या अंगाकडं न बघता. नको म्हणेल त्याला सोडा. जमेल? चला, इथंच करून बघू. मागच्या काकू, तुम्हीच. मी विचारते — वाढू का?

म्हणा, "नको."

बघा, मी गेले पुढच्या पानाकडं. कुणाचं काही बिघडलं?

उठा आता, देवाचं नाव घ्या.