रेंगाळलेली गाणी

डोळ्यांत थेंब टाकल्यावर बाहुली रुंदावायला वीसेक मिनिटं लागतात. तेवढा वेळ डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या दोघी बहिणी डोळे मिटून बोलत होत्या.

“ताई, तीन महिने चर्चला आली नाहीस.”

“पाळकांनी ऑर्गनवरून उठवलं ना मला! म्हणे, गाणी रेंगाळतात.”

“रेंगाळायचीच. शेवटच्या कडव्यापर्यंत आमचा दम संपायचा.”

“तूसुद्धा?”

“प्रार्थना तरी करतेस का घरी?”

“करते की. पाळकांना अक्कल दे, म्हणते.”

“देव काय म्हणतो?”

“गप्प असतो. खरं सांगू? मला पुस्तकातले सूर दिसतच नव्हते गं. चाचपडत वाजवायचे.”

“मग बोलायचं नाही?”

“जागा गेली असती.”

“ती गेलीच. पण देवानं कुठे उठवलंय तुला चर्चमधून?”





“रविवारी येते. पाळकांना सांगते, तुमचं बरोबर होतं.”