नदीकाठचा ओटा

...आणि वर हे मलाच विचारतात, "अगं, जमिनीपासून तुझं कोपर किती उंचीवर येतं?" आता सांगा, असं काही कुणाला पाठ असतं का? लग्न जमवताना सासूबाईंनीसुद्धा विचारलं नव्हतं हो! तर म्हणे, "काम करायची फळी कोपराच्या चार बोटं खाली हवी, नाहीतर तुझी पाठ धरेल." मी म्हटलं, अहो, घरच्या ओट्यापाशी चोवीस वर्षं वाकून वाकून कधीच धरलीय ती! तिची काळजी आत्ता, नदीवर जायच्या वेळी? मला फक्त नदीकाठी चहा प्यायचाय हो. एक कप. बस्स!

म्हणजे तुम्हाला सांगते, गोष्ट एवढीशी. तीन वर्षांपूर्वी लेक शिकायला हॉस्टेलवर गेली, घर उगाच मोठं वाटायला लागलं, आणि एका संध्याकाळी मी सहज बोलून गेले, "अहो, आपण परत एकदा तंबू घेऊन नदीवर जाऊया ना." परत एकदा अशासाठी, की लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत आम्ही गेलो होतो. तंबू उसना, पातेलं पोचे आलेलं, कप दोघांत एकच, आणि काडेपेटी घरी विसरलेली! पलीकडच्या काठावर एक म्हातारा मासे धरत बसला होता. हे कमरेएवढ्या पाण्यातून गेले आणि त्याची काडेपेटी डोक्यावर धरून परत आले, अगदी मुकुट मिळाल्यासारखे. मग तीन दगड, ओली लाकडं, धूरच धूर. चहात साखर कमी, वर राखेचा कण तरंगतोय... आणि समोर ते पाणी. कुणाला काही विचारत नाही, कुणासाठी थांबत नाही, आपलं चाललंय. त्यानंतर मी हजारो कप चहा केला असेल, पण तसा प्यायले नाही हो. एकदाही नाही.

तर हे म्हणाले, "जाऊया. पण या वेळी नीट तयारीनिशी." झालं! तिथंच मी कपाळाला हात लावला. कारण आमचे हे करतात काय? लिफ्ट तपासतात. नवी इमारत उभी राहिली की जाऊन दोर बघायचे, ब्रेक बघायचे, आणि मगच सही. घरात साधी खुर्ची आणली तरी तिच्यावर आधी तांदळाचं पोतं बसतं, मग माणसं! अशा माणसाला कुणीतरी दाखवलं घडीचं स्वयंपाकघर. कॅम्पिंग किचन म्हणतात त्याला. मिटलं की सूटकेस, उघडलं की ओटा. शेगडीला जागा, चिरायला फळी, खाली कापडी कप्पे, वारा अडवायला पत्रा, वर दिवा टांगायला खांब. मी म्हटलं, अहो, पातेलं आणि काडेपेटी पुरे. तर म्हणे, "आणि साठवण? आणि काम करायची जागा?" साठवण! एका चहासाठी! नमनालाच घडाभर तेल...

मग सुरू झाल्या दुकानाच्या वाऱ्या. दर रविवारी. पहिल्या रविवारी तो दुकानदार हसून म्हणाला, "या साहेब, बघा, एका मिनिटात उघडतं." चौथ्या रविवारी तो आम्हाला बघून गोदामात गेला. कारण तिसऱ्या रविवारी काय झालं, ह्यांनी बूट काढले आणि त्या ओट्यावर चढून उभे राहिले! तो बिचारा ओरडतोय, "अहो साहेब, यावर कांदा चिरायचा असतो, उभं नाही राहायचं!" तर हे वरून शांतपणे, "वजन किती पेलतं ते लिहिलेलं नाही कुठं." लोक जमले हो! मी टॉर्चच्या कपाटाआड उभी, ओळख न दाखवता.

एकाचे पाय डुगडुगतात, एकाला झाकण नाही, एकाचे कप्पे आठच. "आठ पुरत नाहीत का हो?" तर म्हणे, "चमचे आणि काटे एकत्र ठेवणार तू?" मी म्हटलं, ठेवीन! खिशात ठेवीन! मला फक्त नदीकाठी चहा प्यायचाय!

बरं, दुकानात भागेना म्हणून घरात. हॉलच्या फरशीवर पांढरी चिकटपट्टी लावून आखणी केली. इथं तंबू, इथं ओटा, इथं मी उभी राहणार. दीड वर्ष मी त्या पट्ट्या चुकवून केर काढतेय. नणंद आली, दारातच थबकली, "वहिनी, अगं बाई! इथं पंचनामा कसला झाला?" म्हटलं, माझ्या इच्छेचा.

पण खोटं कशाला बोलू, दुपारी घरात कुणी नसलं की मी त्या पट्टीच्या आत जाऊन उभी राहायची. जिथं नदी आखली होती तिकडं तोंड करून, हातात कप घेऊन. समोर शोकेस. तरी उभी राहायची.

शेवटी गेल्या महिन्यात आणला हो ओटा! अकरा कप्प्यांचा! म्हटलं, घोडं एकदाचं गंगेत न्हालं. रविवारी पहाटे उठलो, सामान खाली नेलं, गाडीत भरायला घेतलं. डिकीत ओटा मावेना. मागची सीट पाडली, तरी मावेना. मग पुढची सीट मागे रेलवली, तेव्हा कुठं सर्रकन आत गेला. हे खूश! हात झटकले, गाडीत बसले, किल्ली फिरवली, आणि म्हणाले, "चल, बस." कुठं? कुठं बसू?

अहो, लिफ्टमध्ये किती माणसं मावतील तेच आयुष्यभर मोजणारा हा माणूस, आणि स्वतःच्या गाडीत बायको मोजायची विसरला! घोडं न्हालं हो, मी कोरडीच!

 हे गुपचूप उतरले, ओटा बाहेर काढला, तिथंच पार्किंगमध्ये उघडला आणि चहा टाकला. वॉचमन गाड्या धूत होता, त्याचं पाणी आमच्या पायांवरून वाहत गेलं. ह्यांनी कप पुढे केला आणि खाली बघत म्हणाले, "त्या वेळी तू रडत होतीस ना... नदीवर. काहीच नव्हतं आपल्याकडे. साधी काडेपेटीसुद्धा नाही. तेव्हाच ठरवलं होतं, परत नेईन तर सगळं घेऊन नेईन."

तुम्हाला सांगते, चहा हातातच राहिला. "अहो," म्हटलं, "धूर गेला होता हो डोळ्यांत! धूर!" चोवीस वर्षं! ज्या चहासाठी मी झुरतेय, त्याच चहाची लाज हा माणूस पोटात घेऊन हिंडतोय! इतकं प्रेम आलं ह्यांच्यावर... आणि फळी, खरं सांगते, कोपराच्या बरोबर चार बोटं खाली होती.

तिथंच ठरवलं. पुढचा रविवार. ओटा नाही, कप्पे नाहीत. पोचे आलेलं पातेलं, एक कप, एक काडेपेटी. हे म्हणाले, "बरं." एका शब्दात! मी हवेत!

मंगळवारी घरी येते तर काय... हॉलमध्ये सतरा काडेपेट्या. एक वाऱ्यात पेटणारी, एक ओली झाली तरी पेटणारी, एक लांब काड्यांची, काही बशीत पाण्यात भिजत घातलेल्या. हे पंख्याखाली बसून एकेक काडी ओढतायत, वहीत लिहितायत, आणि घरभर धूर. मला बघून दचकून उठले, "अगं, काय झालं? धूर गेला का डोळ्यांत?"

म्हटलं, नाही हो... या वेळी खरंच रडतेय!