भिंतीतली जागा

बसमध्ये पुढच्या बाकावर एक प्लंबर आणि एक वायरमन गप्पा मारत होते. आपल्याच साइटचा विषय निघालेला ऐकून मागे बसलेल्या एका तरुणीनं कान टवकारले. त्या इमारतीचं, पाइप-वायरींसकट, कंप्युटरवरचं मॉडेल तीच बनवायची.

"तिसरा मजला झाला, पण आपलं एकदाही वाजलं नाही."

"वाजणार कसं? तुझा पाइप माझ्या वायरींच्या आड आला, की ती कंप्युटरवाली बाई कंप्युटरवरच लाल खूण करते. भिंत उभी राहायच्या आधीच निकाल!"

"पूर्वी काय शिव्या घालायचास मला!"

"तू माझ्या वायरी उखडायचास ना! मग आठवडाभर अबोला."

"शेवटी मुकादम चहा पाजून मिटवायचा."

"आता तो चहाही गेला."

"पण वेळेवर घरी पोचतो. परवा बायकोनं विचारलं, कामावरून काढलं की काय?"

"त्या बाईला सांगायला हवं, महिन्यातून एकदा तरी चुकत जा."

"बरं, सरक आता. खिडकी माझी."

"का म्हणून? आधी मी बसलोय."

"कालही तूच बसला होतास!"

"मग जा, त्या बाईकडून खूण करून आण!"

तिचा स्टॉप आला आणि गेला. ऐकण्याच्या नादात ती उठलीच नाही.