बाबांचा गुडघा

आमच्या बाबांना खोटं बोलायला अजिबात जमत नाही, हे मला हिमाचलच्या ट्रिपमुळे कळलं. मी आठ दिवसांत अमृतसर, चंदीगड, सिमला आणि मनाली असा प्लॅन केलेला. आई तर खूश होती. बाबा मात्र मला गॅलरीत घेऊन गेले.

“पहिली दोन शहरं काढ. मनालीच्या अलीकडे एखाद्या खेड्यात तीन दिवस नुसते बसू.”

“आईला चारही बघायचीत.”

“मग माझा गुडघा दुखतोय म्हणून सांग.”

“बाबा, तुम्ही रोज चार मजले चढता.”

“अगं, दुखतो तिचा. पण तिच्यासाठी प्लॅन कापलाय हे कळलं, तर ती म्हणेल तुम्हीच जा.”

मी आईला तसं सांगितलं. ती “बरं” म्हणाली, एवढंच. त्या दिवसापासून बाबा घरात लंगडायला लागले. चहा घ्यायला उठले तरी लंगडत, पेपर आणायला गेले तरी लंगडत.

शनिवारी आम्ही तिघं स्वेटर घ्यायला निघालो. लिफ्ट बंद होती. बाबा लंगडत एकेक पायरी उतरत होते, त्यामुळे आईलाही सावकाश उतरता येत होतं. तिसऱ्या मजल्यावर आईने त्यांच्या खांद्यावर हात टेकला आणि हळूच म्हणाली, “अहो, काल उजवा होता.”

“हो का?” म्हणून बाबांनी पाय बदलला. आईने खांद्यावरचा हात काही काढला नाही.