वारा फिरेपर्यंत

सून : आई, आपलं धोक्याचं लाल कापड कुठं गेलं?

सासू : आधी चपला काढ बाई, खाली ओलं रेझिन सांडलंय. एका सर्फबोर्डाचं नाक जोडतेय सकाळपासून. जेवायलाच आलीस ना? हात धू.

सून : सकाळी कचेरीत जाताना मी स्वतः काठीवर चढवलं होतं. आता काठी बोडकी.

सासू : उडालं असेल. आज वारा काय थोडा आहे?

सून : माझी गाठ वाऱ्याने सुटत नाही. तुम्हीच शिकवलेली आहे. जाऊ दे, पाण्यात कुणी गेलं नाही ना?

सासू : गेली होती चार टाळकी. तिघं आली परत. हात मारून मारून तोंडाला फेस आला म्हणत होती.

सून : आणि चौथा?

सासू : पोळ्या गरम आहेत बघ.

सून : आई, चौथा कोण?

सासू : कोण असणार? तुझा नवरा. खडकापलीकडे लाट सुरेख फुटतेय म्हणाला. उन्हाळाभर समुद्र तळ्यासारखा पडलेला, आज कुठे जरा अंग हलवलंय त्यानं, तर पोराला राहवेना. येईल गं. दुपारी वारा फिरतो, आणि फिरला की हाताला धरून घरी आणून सोडतो. याच्या बापालाही असाच आणायचा.

सून : आज फिरणार नाही.

सासू : असं तुझी हवामान कचेरी म्हणते.

सून : कचेरी राहू दे. इकडे दारात या. समुद्राकडे तोंड करा. वारा कुठं लागतोय?

सासू : पाठीला.

सून : रोज या वेळेला तोंडावर येतो. जेवताना हे दार धाडकन लागतं आणि तुम्ही त्याला शिव्या घालता. आज एकदा तरी लागलं?

सासू : नाही.

सून : खारा वारा आलाच नाही. मतलई वारा सुटलाय, जमिनीकडचा, आणि तो वाढतोय. डोंगराकडून रेटा आहे, संध्याकाळपर्यंत सगळं समुद्रात लोटत राहणार. म्हणून तर लाल लावलं होतं. इथं काठाशी पाणी कसं इस्त्री केल्यासारखं दिसतंय, माणूस त्यालाच फसतो. ते लांब पांढरं पांढरं दिसतंय ना, तिथं काय चाललंय ते तिथं गेल्यावरच कळतं.

सासू : तू घाबरवू नकोस मला.

सून : मी स्वतःच घाबरलेय. थांबा, नाववाल्या काकांना फोन लावते. दुर्बीण कुठाय?

सासू : त्या खणात नाही. अगं, तो खण उघडू नकोस—

(फोन स्पीकरवर आहे. घंटा वाजत राहते. सून तोच खण उघडते.)

नाववाला : बोला वहिनी. आज जेवायला बोलावताय की काय?

सून : काका, हा खडकापलीकडे गेलाय बोर्ड घेऊन. अजून आला नाही.

नाववाला : या वाऱ्यात? डोकं ठिकाणावर आहे का त्याचं? तुमचं कापड नव्हतं काठीवर, म्हणून मी म्हटलं, वहिनींचा हिरवा कंदील आहे. ठेवा फोन. नाव पाण्यातच आहे. खडक ओलांडला की लावतो.

सून : आई. हे काय आहे खणात?

सासू : ठेव ते तिथंच.

सून : चार कोपरे जुळवून घडी घातलीय. वारा अशी घडी घालतो?

सासू : मी काढलं.

सून : का?

सासू : गेल्या आठवड्यात तू लाल लावलंस आणि समुद्र दिवसभर गरीब गायीसारखा उभा. विसरलीस? ती टोळकी इथं दारात येऊन खिदळत होती. म्हणे, वहिनींच्या बादलीत वादळ आलं. मी आत बोर्ड घासत बसले होते, सगळं ऐकलं. माझ्या सुनेला कुणी हसलेलं मला खपत नाही.

सून : म्हणून माझंच कापड काढलंत?

सासू : वाटलं, आज परत चुकलीस तर उद्यापासून काठीकडे कुणी बघणार नाही. वारा काय, फिरणारच. इतके उन्हाळे काढले, न फिरलेला मी पाहिला नाही. संध्याकाळी गुपचूप परत लावून ठेवलं असतं. तुलाही कळलं नसतं.

सून : हसू द्यायचं होतंत, आई. हसण्यानं कुणी बुडत नाही.

सासू : एवढंच नाही. अजून आहे.

सून : काय?

सासू : तो उठला, दारात आला, काठीकडे बघितलं आणि मला विचारलं, आज काही लावलं नाही का हिनं? मी म्हटलं, नाही. ओरड माझ्यावर.

सून : ओरडेन मग. फोन वाजतोय.

नाववाला : वहिनी, खडकाबाहेर आलोय. इथं चिटपाखरू नाही.

सून : तिथं नसणारच तो. वाऱ्याला पाठ द्या आणि सरळ बाहेर जा. बोर्डवर पालथा पडला असेल तर फार लांब गेला नसेल. बसून राहिला असेल तर मात्र वारा शिडासारखी पाठ धरतो माणसाची, आणि—

सासू : बसलाच असेल.

सून : कशावरून?

सासू : मीच शिकवलंय. लहानपणापासून. दमलास की हात मारत बसू नकोस, बोर्डवर ताठ बस आणि वाट बघ, वारा फिरेल. तो माझं ऐकतो गं. तुझं एक वेळ नाही ऐकायचा, माझं ऐकतो.

सून : काका, ऐकलंत? बसलाय असं धरून चला. मग पाण्यातल्या दिव्याच्या खांबाशी पण थांबू नका. त्याच्या बाहेर.

नाववाला : खांबाच्या बाहेर माझी नाव नाचायला लागते हो.

सून : काका, पाया पडते तुमच्या.

नाववाला : पाया काय पडता? जातोय. फोन बंद करू नका.

सासू : देवा, एवढा आणून सोड. नंतर मला काय करायचं ते कर.

सून : इथं बसा. ते रेझिन खाली ठेवा आधी.

सासू : तू मला धरू नकोस. मला कशाला धरतेस?

सून : मग कुणाला धरू? इथं दुसरं आहे कोण?

नाववाला : वहिनी! काहीतरी पिवळं दिसतंय. बोर्ड पिवळा ना त्याचा?

सून : पिवळा. माणूस आहे का वर? काका, वर माणूस आहे का?

नाववाला : थांबा, लाट मध्ये येतेय. ...आहे. बसलाय. वाकलाय पार, पण बसलाय. अरे ए, दोरी धर! धर म्हणतो ना! ...आला. घेतला आत. ओठ निळे पडलेत, दातावर दात आपटतायत. पण आहे. तुमचा आहे, वहिनी.

सासू : आहे ना? परत सांग.

नाववाला : आहे हो, मावशी. शिव्या घालण्याइतका शाबूत आहे. काहीतरी बडबडतोय. काय रे? ...वहिनी, रागावू नका, पोर गारठलंय. तो म्हणतोय, आजच्या दिवशी तरी हिनं कापड लावायला हवं होतं.

सून : त्याला सांगा, राहिलं. विसरले—

सासू : फोन दे इकडे.

सून : राहू द्या, आई. आत्ता नको. घरी येऊ दे त्याला.

सासू : दे म्हणते ना. ...बाळा, मी बोलतेय. ऐकू येतंय? तिनं लावलं होतं. सकाळी, तू उठायच्या आधी. मी काढलं. आणि तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले. तिला काही बोलू नकोस. जे बोलायचं ते मला बोल.

सून : काय म्हणाला?

सासू : काहीच नाही. नुसता वारा ऐकू येतोय.

नाववाला : मी बोलतोय, मावशी. त्यानं तोंड फिरवलंय. राहू द्या थोडा वेळ. आम्हाला वाऱ्याच्या उलट यायचंय, उशीर लागेल. ...काय रे? मोठ्यानं बोल. ...तो विचारतोय, धक्क्यावर कोण येणार आहे?

सासू : सांग, त्याची बायको येतेय.

सून : काका, दोघी येतोय म्हणून सांगा. आई, उठा. ते लाल कापड घ्या बरोबर, जाता जाता लावू. गाठ तुम्ही मारा.