बारा वर्षं तोच हप्ता

…नाही, पण मला सांगा, माणसानं हट्ट कुठे करावा? भाजीवाल्याकडे करावा, रिक्षावाल्याकडे करावा, विम्यात कसला हट्ट? पण आमचे केसरीनाथ! नारपोलीत आमच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहायचे, शाळेत क्लार्क, आणि भिंतीपलीकडे लूमचा कारखाना, तिन्ही शिफ्ट खडखडखडखड, कापसाची धूळ थेट आमटीत… म्हणून ब्याऐंशी साली यांनी घरसामानाचा आगीचा विमा उतरवला. इथवर शहाणपणाच झाला. पुढं ऐका.

विम्याचे एजंट दाजी दर वर्षी यायचे, चहा घ्यायचे आणि म्हणायचे, महागाई वाढली, आता रक्कम वाढवा. की यांचं ठरलेलं, "सामान जुनं झालं, दाजी. जुन्याची किंमत वाढेल कशी?" अहो, भाडं वाढलं, दूध वाढलं, रॉकेल वाढलं, यांचा पगारसुद्धा वाढला, पण विमा ब्याऐंशीचा तो ब्याऐंशीचाच! वर चाळभर मिरवायचं, आपला हप्ता नाही हो वाढला…

आणि चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात लागली ना कारखान्याला आग! ती भिंत ओलांडून केसरीनाथांच्या खोलीत शिरली. माणसं वाचली, पण त्यांच्या बायकोची, शुभदावहिनींची, शिलाई मशीन गेली. त्या मशीनवर वहिनी अर्ध्या नारपोलीचे ब्लाउज शिवायच्या, त्यातूनच मुलीची नर्सिंगची फी जायची. वहिनींनी एवढंच विचारलं, मशीनचे पैसे मिळतील ना? केसरीनाथ ताठ. मिळतील म्हणजे काय, विमा आहे!

तुम्हाला सांगतो, नुकसान मोजायला विमा कंपनीचा सर्व्हेअर आला आणि त्यानं विचारलं, घरातल्या एकूण सामानाची आजची किंमत काय? अशा वेळी चाळ गप्प बसेल? गुणाबाई म्हणाल्या, कपाट सागवानी होतं हो. कुठलं सागवानी, पत्र्याचं! लूमवाले चाचा म्हणाले, "साहब, भाभी का मशीन तो सोना था, सोना." केसरीनाथ मान डोलावतायत, आकडा चढतोय, सर्व्हेअर लिहितोय. यांची सही घेतली आणि म्हणाला, "माल चाळीस हजारांचा, विमा दहा हजारांचा. म्हणजे रुपयाला चार आणे विमा. भरपाईही नुकसानीच्या रुपयाला चार आणेच मिळेल."

झालं! जितकी किंमत फुगवली तितकी भरपाई आटली! चाचा हळूच म्हणतात, "साहब, मशीन पुराना था, थोडा कम लिखो ना." आणि केसरीनाथ? तरी तेच, "सामान जुनं होतं हो… जुन्याची किंमत वाढेल कशी?" सर्व्हेअरनं यांचीच सही दाखवली आणि गेला.

मग काय, वहिनींनी सेकंडहँड मशीन घेतली. कितीला? ब्याऐंशीत कोरी करकरीत आली होती त्याच्या दुपटीनं! भरपाई पुरेना, तेव्हा उरलेले केसरीनाथांनी पीएफमधून काढले.

वर्ष सरलं, दाजी आले, चहा झाला, पण रक्कम वाढवा म्हणायची त्यांना हिंमत होईना. वहिनी मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या, "वाढवा, दाजी. आणि पॉलिसी माझ्या नावावर करा." केसरीनाथांनी खिशातून हप्त्याचे पैसे काढून दाजींपुढे ठेवले. आता मशीन वहिनींची, विमा वहिनींचा. केसरीनाथांकडे हप्ता राहिलाय, आणि तो दर वर्षी वाढतो.