आकाशच्या लग्नातलं ते हसणं

हॅलो? … शायमा? अगं, मी क्रांती! आईच्या फोनवरून बोलतेय, माझा चार्जिंगला लावलाय… हो, घरीच, नेरूळला. तू सीवूड्सला ना? एडिटिंगचा क्लास चालू आहे? … सुटला? मग बस जरा. ऐक.

आईने मी जोडलेली लग्नाची फिल्म बघितली.

हो! आत्ताच, चहा झाल्यावर… नाही गं, रडली नाही. म्हणजे… थांब, नीट सांगते, मधे बोलू नकोस.

तुला माहितीये ना, माझ्या भावाच्या, आकाशच्या लग्नापासून तिचं काय झालं होतं… हो, तेच. नवरीच्या, म्हणजे मैत्रीच्या मावशीने विचारलं, "जेवलात का?" आणि आईला वाटलं, गाव कुठलं ते विचारतायत. ती म्हणाली, "दापोलीजवळ." … हसू नकोस गं! … बरं, हस. पण तिला स्वतःला कळलं ना, आपलं काहीतरी चुकलं. मान खाली घातली ती घातलीच. आणि मग व्हिडिओ आला घरी. आई बोलतेय, क्लोज-अप, आणि लगेच कट… सगळं वऱ्हाड खो खो हसतंय! … हो ना. उठलीच ती टीव्हीसमोरून. कानातलं मशीन काढून कपाटात टाकलं. "बघितलंस? मलाच हसत होते." तेव्हापासून स्वयंपाकघरात एकटी जेवायची. मैत्रीच्या माहेरचं जेवणाचं बोलावणं आलं, तर गेली नाही. आणि मैत्री बिचारी, नवी सून, तिला टेन्शन, माझंच काही चुकलं का म्हणून.

अगं हो, तू सांगितलंस तेच केलं. व्हिडिओवाल्याकडून सगळं कच्चं फुटेज आणलं, न कापलेलं… नाही नाही, भला माणूस आहे तो. म्हणाला, "ताई, मधे जरा थंड वाटत होतं, म्हणून हसण्याचा शॉट टाकला." त्याच्या मनात काही नव्हतं. तू म्हणालीस ना, दोन शॉट शेजारी ठेवले की बघणारा आपोआप गोष्ट जोडतो? आईने जोडली.

आणि तो हसण्याचा शॉट कधीचा होता, माहितीये? हार घालतानाचा! मैत्रीच्या हारात आकाशचा चष्मा अडकला, पडला खाली, आणि हा चाचपडत हार घालायला निघाला कुणाला? तिच्या मावशीला! … अगं, मला आठवतच नव्हतं. आई बोलली त्याच्या कितीतरी आधी झालं होतं हे.

मग आई बोलल्यावर खरं काय झालं, ते तर व्हिडिओत नव्हतंच. कॅमेरा चालूच होता गं. वाइड शॉट, अख्खा हॉल दिसतोय. आईची मान खाली, आणि मैत्री स्टेजवरून उतरून येतेय, लग्नाची पांढरी साडी सावरत. मावशीला बाजूला घेते, कानाला हात लावून काहीतरी समजावते. मग मावशी खुर्ची ओढून आईच्या अगदी समोर बसते, सावकाश बोलते. कुणी म्हणजे कुणी हसत नाहीये.

हो, तसंच जोडलं मी. आधी हार, चष्मा, हसणं. मग आईचा क्लोज-अप, आणि लगेच तो वाइड. गाणी काढली, स्लो मोशन काढलं. तू म्हणालीस तसं आवाज बंद करून बघितलं, नुसत्या चित्रावरून कळतंय का ते.

हो, हो… अगं ऐक ना, पुढे तर ऐक! सगळं बघून झालं आणि ती मला म्हणते, "क्रांती, मला बरं वाटावं म्हणून तू हे असं जोडलंस." … तिचंही खरंच गं. एकाने तसं जोडलं, दुसरीने असं. कुणावर विश्वास ठेवायचा तिने?

मग लॅपटॉप ठेवला तिच्यासमोर. हसण्याचा मूळ शॉट उघडला. त्या माणसाने एडिटिंग करताना तो झूम करून घेतला होता, मधले हसणारे चेहरे तेवढे, आणि मीही तसाच ठेवलेला. अख्खी फ्रेम कुणी नीट बघितलीच नव्हती. … आणि कडेला, खांबाजवळ कोण? … आई! तोंडावर पदर धरून, सगळ्यांत जास्त हसतेय!

तिने पुढे वाकून बघितलं. स्क्रीनला बोट लावलं. "ही मी?" … आणि हसायला लागली. मोठ्याने, शायमा! मैत्री आतून धावत आली, काय झालं म्हणून. आईने तिला जवळ बसवलं. म्हणाली, "माझ्यासाठी स्टेज सोडून खाली आलीस, मला ठाऊकच नव्हतं बाय." … मैत्रीच रडली.

थँक्यू गं… नाही, ऐकून घे. तुझ्या सुट्टीचे रविवार मोडून माझ्या शेजारी बसलीस, कट म्हणजे काय इथपासून शिकवलंस, मी चुकले तरी चिडली नाहीस… थांब, थांब. आई फोन मागतेय. … अगं आई, तुला ऐकू नाही येणार… बरं, घे. शायमा, आई बोलतेय हां.

"हॅलो… शायमा, मी क्रांतीची आई. मशीन लावलेलं नाय, तू बोललेलं मला कळायचं नाय. म्हणून मीच बोलते. … माझ्या लेकीला चांगलं शिकवलंस. लय उपकार झाले बाय तुझे. … आता ऐक. रविवारी आमी मैत्रीच्या माहेरी जेवायला चाललो. मीच निरोप धाडलाय. तू पण यायचंस आमच्याबरोबर. नको म्हणालीस तरी मला ऐकू येणार नाय. … ठेवते."